सर्वांत लांब पर्याय

विद्यापीठाच्या विधी विभागाने लातुरात फौजदारी न्याय अभ्यास केंद्र उघडले, तेव्हा केंद्राला संचालक होते, फलक होता, कोनशिला होती आणि भूकंपानंतर तात्पुरती म्हणून उभारलेली, त्यामुळेच कायम टिकलेली पत्र्याची शेडही होती. नव्हता तो फक्त अभ्यासायला एखादा गुन्हा. शेडच्या एका अंगाला भौतिकशास्त्राचा क्लास होता, दुसऱ्या अंगाला जीवशास्त्राचा. मधल्या भिंती पत्र्याच्या असल्याने केंद्राच्या विद्यार्थ्यांना दंडविधानाच्या आधी बेडकाची पचनसंस्था पाठ झाली.

गुन्ह्याची उणीव फौजदार अमृतरावांनी भरून काढली. उदगीरकडचे शेतकरी बसलिंगप्पा यांचा देवणी जातीचा बैल दावणीवरून नाहीसा झाला होता आणि त्यांचा सालगडी अंगद संशयावरून कोठडीत होता. तपास करायचा म्हणजे उन्हात शेतापर्यंत जायचे. अमृतरावांनी प्रकरण तज्ज्ञ अभिप्रायासाठी केंद्राकडे पाठवले. "अभिप्राय येईपर्यंत आरोपी आमच्याकडे सुखरूप राहील," असेही कळवले.

संचालक दत्तोपंतही शेतावर गेले नाहीत. जागा पाहिल्याने मत कलुषित होते, असे त्यांचे मत होते. त्यांनी गावातली सिद्ध पद्धत वापरली: चार पर्यायांचा प्रश्न काढला. केंद्राचे विद्यार्थी कमी पडले म्हणून दोन्ही क्लासची मुलेही बसवली.

प्रश्न होता, बैल कसा नाहीसा झाला? (अ) बुजून पळाला. (ब) मालकाने विकला. (क) सालगड्याने मजुरीच्या वादातून, सूडबुद्धीने, पूर्वनियोजित कट रचून व अंधाराचा गैरफायदा घेऊन चोरला. (ड) यापैकी नाही.

जवळजवळ सर्वांनी 'क' निवडला. उत्तर येत नसेल तर सर्वांत लांब पर्याय निवडावा, हे क्लासात पहिल्याच दिवशी शिकवतात. इतके एकमत न्यायशास्त्राच्या इतिहासात आढळत नाही, असा शेरा मारून दत्तोपंतांनी 'क' उत्तरसूचीत छापला. सर्वांत आधी उत्तरपत्रिका दिली म्हणून श्रीनाथ नावाचा मुलगा पहिला आला. त्याचा फोटो क्लासच्या फलकावर चौकात लागला.

निकालानंतर बसलिंगप्पा बैल घेऊनच केंद्रात आले. सोबत अंगदची बायको राजकन्या होती.

"बैल देवणी गावात जुन्या मालकाच्या गोठ्यात कडबा खाऊन राहिला होता," बसलिंगप्पा म्हणाले. "त्या रातच्याला जमीन जराशी हादरली, तवा बुजून गेला असंल. माझी तक्रार मी मागं घेतो."

"तक्रार मागे घ्या. निकाल कसा मागे घेणार?" दत्तोपंत म्हणाले.

"सर, बैल हितं उभा हाय," राजकन्या म्हणाली. "चोरी झालीच न्हाई. माझ्या माणसाला सोडा."

"बाई, हा उत्तरसूचीवरचा आक्षेप झाला. आक्षेपाला मान्य पाठ्यपुस्तकाचा आधार लागतो. पान क्रमांकासह."

"बैलाचं पान कुठनं आणू?"

"तीच तर अडचण आहे," दत्तोपंत कळवळून म्हणाले.

बसलिंगप्पांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "बैल माझा, गडी माझा. मला काही म्हणायचं न्हाई. मग तुमचं काय दुखायलंय?"

"श्रीनाथचा नंबर जाईल. त्याच्या वडिलांनी पेढे वाटलेत. एका निर्दोष माणसासाठी एका निर्दोष मुलाचं वर्ष वाया घालवायचं?"

बसलिंगप्पांना स्वतःचा मुलगा आठवला. तो शेजारच्याच क्लासात होता. ते बैल घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले.

राजकन्या मात्र हलली नाही. तेव्हा दत्तोपंतांना नैसर्गिक न्यायाचे तत्त्व स्मरले: आरोपीला संधी मिळालीच नव्हती. त्यांनी अंगदची पुरवणी परीक्षा घ्यायचे ठरवले. बरोबर उत्तर दिल्यास केंद्र त्याच्या सुटकेची शिफारस करणार होते.

"बरोबर म्हंजी कंचं?" राजकन्येने विचारले.

"उत्तरसूचीत आहे ते."

अंगदला आणले गेले. पेन धरता यावे म्हणून उजव्या हाताची बेडी काढली. पर्यवेक्षक अमृतराव होते. खिडकीतून राजकन्या म्हणाली, "अवो, खरं हाय तेच लिवा."

अंगदने अमृतरावांकडे पाहिले. "साहेब, खऱ्याला किती गुण हायत?"

"चुकीच्या उत्तराला असतात तेवढे. वजा एक."

अंगदने बराच विचार केला. घरी जायचे होते. त्याने 'क'चे वर्तुळ रेघेबाहेर न जाता काळे केले आणि खाली सही केली. त्याला पूर्ण गुण मिळाले.

दत्तोपंतांनी शब्द पाळला. सुटकेची शिफारस गेली, सोबत पुरावा म्हणून उत्तरपत्रिकाही गेली. ती अमृतरावांनी तपासाच्या कागदांना जोडली. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, हे ते केंद्रातच शिकले होते. ही कबुली विद्यापीठापुढची होती, सहीनिशी, आणि तपासून गुण दिलेली. अंगद कोठडीतून तुरुंगात गेला.

चौकात श्रीनाथच्या शेजारी अंगदचा फोटो लागला: 'आरोपी प्रवर्गातून प्रथम'. राजकन्या रोज त्या फलकाखाली उभी राहू लागली. थांबणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "हे माझे मालक हायत. बरोबर उत्तर दिलंय त्यांनी. कधी सोडतील?"

तुम्हीही तिथे थांबला होतात. तुमचे मूल दहावीला होते. तुम्ही तिचे सगळे ऐकून घेतलेत, हळहळलात, आणि खिशातून पेन काढत अगदी मऊ आवाजात म्हणालात, "बाई, जरा बाजूला सरता का? क्लासचा फोन नंबर दिसत नाही."