देवरे सरांची अट

देवरे सरांना लग्नाचं आमंत्रण देणं म्हणजे जिवावरचं काम. पत्रिका हातात पडली की पहिला प्रश्न, "नक्की कोण येणार, आणि शक्यतो कोण येणार?" माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी आमच्याच नातेवाइकांच्या दोन याद्या केल्या आणि माझ्या सख्ख्या नणंदेला 'शक्यतो'त टाकलं. आली नाही हो ती शेवटी!

सर आमच्या नाशिकच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे, मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी खोल्यावाटपाचा प्रोग्राम लिहिला. "मॅडम, प्रत्येक खोली म्हणजे एक संच. अटी घालत गेलं की 'नक्की'ची यादी वाढते, 'शक्यतो'ची आटते. दोन्ही एक झाल्या की खोली भरली!" मला निम्मं कळलं, मान मात्र पुरती डोलावली.

मी अटी दिल्या. खोलीत चौघी, एक तरी सीनियर, भांडकुदळ जोड्या वेगळ्या. सरांनी एक स्वतःची घातली: प्रत्येकीला खोलीत तिची बोली बोलणारं एक तरी माणूस हवं. बटण दाबलं. उत्तर आलं, 'नाही'.

सुरगाण्याच्या यमुनेची बोली बोलणारी दुसरी मुलगीच नव्हती. आणि ती तर ट्रंक भरून माझ्या दारात उभी. "मला नाय करमत इथं. घरी जाते मी."

प्राचार्य म्हणाले, "ती अट काढा, संध्याकाळी यादी लावा."

"अट काढूनच उत्तर मिळवायचं, तर प्रोग्राम कशाला? चिठ्ठ्या टाका!" सर बोलले हे, प्राचार्यांना, तोंडावर! मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू.

दुपारी सर मेसमधून पळतच आले. आनंद झाला की ते थेट आपल्या गावचे, सटाण्याचे होत आणि अहिराणीत सुरू. "चूक मनी शे, मॅडम! माझीच! मी फक्त मुलीच धरल्या!" मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या सखूबाई सुरगाण्याच्या निघाल्या. कोठीत एकट्या झोपायच्या बिचाऱ्या. विचारलं तर लाजत हो म्हणाल्या. त्यांचं नाव घातलं आणि खोल्या फटाफट भरल्या. प्राचार्य कुरकुरले, "स्वयंपाकीण मुलींच्या खोलीत?" मी म्हटलं, "सगळ्या अटी पाळल्यात. सही करा."

"ही अट सुचली कुठून तुम्हाला?" मी सरांना विचारलं.

ते चष्मा पुसत राहिले. "पुण्याला शिकायला गेलो, तेव्हा तोंड उघडलं की पोरं हसायची. मग वर्षभर उघडलंच नाही."

आठवड्याने पाहते तर यमुना आणि सखूबाई ओट्यावर बसून आपल्या बोलीत खिदळतायत, आणि सर फाटकाशी सायकल धरून उभे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी हाक मारली, तर हात वर करून म्हणाले, "थांबा मॅडम, ऐकू द्या."