उशीवाले काका आणि रिकामं बाकडं

खो-खोचे सामने बघायला कोणीच येत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. दोघं येत होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले रंगराव घरून उशी घेऊन येत आणि बुधवार पेठेतलं रेडिओदुरुस्तीचं दुकान मुलावर सोपवून रज्जाकभाई भाजक्या शेंगा घेऊन येत. सदाशिव पेठेतल्या त्या मैदानाकडेचं बाकडं गेली तीस वर्षं या दोघांचंच होतं.

मैदान होतं रावसाहेबांचं. त्यांनी खो-खो मंडळाच्या चिटणिसाला, आनंदला, स्वच्छ सांगितलं, "अंतिम सामन्याला मी येतोय. माणसं दिसली तर खेळा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून इथे गाड्या लागतील. गाड्या बघायला निदान त्यांचे मालक तरी येतात."

गुडघे फोडून घेत आनंद याच मातीत वाढला होता. आता तो हिंजवडीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याची नोकरी करी. त्याने उपांत्य सामना ऑनलाइन दाखवायचं ठरवलं, फोन काठीला बांधला, प्रक्षेपण सुरू केलं आणि निवेदन करायला धावला. सकाळी त्याच फोनसमोर त्याने निवेदनाचा सराव केला होता. स्वतःचा चेहरा दाखवणारा कॅमेरा बदलायचा मात्र राहून गेला.

त्यामुळे दोन तास जगाला खो-खोचा एकही गडी दिसला नाही. दिसलं ते बाकडं.

"फाऊल," रंगराव म्हणाले.

"कसला फाऊल? चष्मा बदला."

"गेल्याच महिन्यात नवा केलाय."

"मग परत करा."

घरी जाऊन आनंदने आकडा बघितला. अकरा हजार लोकांनी व्हिडिओ बघितला होता. त्याने तो मोठ्या हौसेने उघडला, तर दोन तास नुसतं बाकडं. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'उशीवाले काका पुन्हा कधी?' आनंद शहाणा माणूस. त्याने चूक कबूल न करता जाहीर करून टाकलं की अंतिम सामन्याला दोघंही हजर राहतील. फक्त त्या दोघांना विचारायचं तेवढं राहिलं.

अंतिम सामन्याला पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे मैदानाकडे पाठ करून, फोन उगारून बाकड्यासमोर उभे होते आणि बाकडं रिकामं होतं. प्रक्षेपणाचा फोन आज मुद्दाम बाकड्याकडेच लावलेला होता. आनंदने घाबरून दुसऱ्या फोनवरून रंगरावांना फोन लावला.

"काका, कुठे आहात?"

"घरी. फाटकापर्यंत आलो होतो, गर्दी बघून परत फिरलो. रज्जाकभाईही इथेच आहेत. आम्ही घरूनच बघतोय. पण तू बाकडं काय दाखवतोस? आम्ही बघितलंय ते."

लोक हळूहळू फाटकाकडे वळू लागले. रावसाहेब यायची वेळ झाली होती. आनंदने प्रक्षेपणाचा फोन सोडवून समोरच्या चिंचेला बांधला. तिथून मैदानही दिसे आणि पलीकडचं बाकडंही. मग रंगरावांचा चालू कॉल स्पीकरवर टाकून त्याने तो फोन निवेदनाच्या माइकसमोर ठेवला.

काकांना घरी दिसणारं प्रक्षेपण वीसेक सेकंद मागे होतं. गडी बाद होऊन पाणी प्यायला लागला की कर्ण्यातून आवाज येई, "रज्जाकभाई, हा आता बाद होतोय बघा." गर्दी खदखदून हसे. मग लोक प्रत्येक खो नीट बघून ठेवू लागले आणि दोघं काय म्हणतात याची वाट पाहू लागले. "फाऊल" असं कानावर पडलं की तीनशे माणसं एकदम "नव्हता" म्हणत. आपलं मैदान आनंदने असं कधीच बघितलं नव्हतं.

एवढ्यात रावसाहेब आले. गर्दी बघून त्यांनी भुवया उंचावल्या. बसायला जागा एकच होती. ते बाकड्यावर ऐसपैस टेकले आणि गेल्या सामन्यापासून समोर पडलेल्या शेंगांच्या टरफलांकडे नाराजीने बघू लागले.

वीस सेकंद गेले.

"आनंद," कर्णा गरजला, "आमच्या बाकड्यावर कोण बसलंय? त्यांना म्हणावं, आजच्या दिवस बसा. पुढच्या वर्षी आम्ही येणार आहोत, तेव्हा जागा लागेल."

तीनशे फोन रावसाहेबांकडे वळले. ते इतक्या लोकांसमोर कधी बसलेच नव्हते. त्यांनी घसा खाकरला आणि किंचित सरकून घेतलं.

"हो, हो. पुढच्या वर्षी रिकामी ठेवतो."

आनंदने चिंचेकडे बघितलं. प्रक्षेपण चालू होतं.