यसबा महाराजांचे चिंचेचे तख्त

श्रीचे पायी मस्तक ठेवून, आणि वाटेवरचे काटे मुकाट सोसणाऱ्या वहाणेसही एक नमस्कार अधिक घालून, वर्तमान लिहितो ऐसे जे. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी एक राज्य होते. विस्तार म्हणावा तर उंबऱ्यापासून नळाच्या कट्ट्यापर्यंत एक ओसरी, वर पत्रा, आणि तेथे चपला बनत. राज्याचे धनी यसबा महाराज, वयाने थकलेले, चष्म्याची एक दांडी चामड्याच्या वादीने बांधिलेली. पुत्र संपतराव कारभार पाहत, आणि सूनबाई शालनबाई चपलेवरच्या वेणीचे व शिलाईचे खाते सांभाळीत. पट्टराणी हौसाक्का यांस देवाज्ञा होऊन बरीच वर्षे लोटली होती. महाराजांचे शस्त्र रापी, म्हणजे चामडे कापावयाची रुंद पात्याची सुरी, आणि तख्त म्हणजे चिंचेचा गोल ओंडका. खोड आडवे कापून उभे मांडिलेले, लाकडाच्या रेषा आभाळाकडे तोंड करून. रापी उतरली की लाकूड वाट देई आणि रापी उचलली की तोंड मिटून घेई, आणि धार जशीची तशी राही. या तख्तापुढे बसून महाराजांनी गावाच्या निम्म्या पावलांचे तळ कापिले.

पुढे तख्तास उजवे अंगास खळगा पडला. रापी त्या खळग्यात उतरे आणि चामडे दबे आणि तळाची कड तिरकी होई. त्यातच तालमीचे वस्ताद बाबूराव यांची जोडी झाली. वस्ताद जुने स्नेही, दर दसऱ्यास यसबांचीच चप्पल पायी घालणार. ते जोडी घालून चावडीपर्यंत गेले आणि लंगडत माघारी आले आणि ओसरीवर टेकून बोलिले, "यसबा, चप्पल झ्याक हाय. पाय माजाच वाकडा झालाय बग." ऐसा थोर मनाचा मनुष्य. पण महाराजांनी जोडी उलटून पाहिली आणि तिरकी कड अंगठ्याने चाचपली.

मग मसलत बसली. संपतराव बोलिले, "आबा, ओंडका म्हातारा झाला, दुसरं कायतरी बघू." मग नव्या तख्ताचे उमेदवार एकामागून एक दरबारी आले. प्रथम शहाबादी फरशी आली, मोठी गुळगुळीत आणि मानी. तिजवर रापीने दोन हात चालविले आणि धार अशी गेली की कांदा चिरावयासही लाजावी. मग सागवानी फळी आली, रूपाने देखणी, पण तिच्या रेषा आडव्या धावत, आणि रापी त्या रेषेस लागली की महाराजांचे न ऐकता फळीचे ऐके, आणि अंगठ्याची गोलाई काढता काढता भलतीकडे निघून जाई. मग शहरातून हिरवी प्लास्टिकची चटई आली. ती म्हणे कितीही कापा, घाव आपोआप भरतो. पातळ कातड्यास तिने इमान राखिले, पण तळाच्या जाड चामड्यास जोर लावावा तो चटईच सरके आणि तिच्या पोटी रापी अडके. अखेर चिंचेचाच नवा ओंडका आणविला. तो ओला होता, उन्हात ठेविला आणि आठवड्यात तडकून उभा उलला. ऐसे होत होत चामड्याच्या वाया गेलेल्या तुकड्यांचा ढीग उंबऱ्याएवढा झाला.

तेव्हा महाराजांचे मन खचले. ते उठले आणि रापी फडक्यात गुंडाळून संपतरावांपुढे ठेविली आणि बोलिले, "समद्या जागा बघून झाल्या. खोट जागंत न्हाई लेका, हातात हाय. आता तू काप." संपतरावांनी फडके सोडिलेही नाही. बापाची रापी आपण होऊन मागावी ऐसे त्यांचे मनी कधी नव्हते, आणि मिळाली तेव्हा ती घेववेना. त्या दिवशी ओसरीत ठोकणे नाही, कापणे नाही, आणि लिहिणारास हे लिहितानाही वाईट वाटते.

दुसरे दिवशी सकाळी कोंबडीवाला तो जुना ओंडका मागावयास आला आणि शालनबाई तो हलवावयास गेल्या. ओंडका कलता केला तो मागील अंगास हळदकुंकवाचे जुने फिकट डाग दिसले. बाजूस पाहिले, तेथेही डाग. दुसऱ्या बाजूसही. आणि पुढील अंगास कुंकवाचा थर बोटाएवढा जाड. शालनबाई तेथेच खाली बसल्या. खंडेनवमीस हत्यारांची पूजा होई, आणि ओंडक्यास कुंकू नेहमी पुढल्या अंगासच लावीत. मग मागे कुंकू कसे गेले? तेव्हा त्यांस लग्नानंतरची पहिली खंडेनवमी आणि सासूबाई हौसाक्का आठवल्या. कोंबडीवाल्यास रिकाम्या हाती माघारी लावून त्या माजघरात गेल्या आणि बोलिल्या, "आबा, तुमी खंडेनवमीला नदीवर आंघुळीला जायचा, तवा आत्याबाई ओंडका हलवून खालचा केर काढायच्या, आन् ठेवताना थोडा फिरवून ठेवायच्या. मला वाटायचं, झाडताना सरकला असंल. त्या गेल्यापास्नं मी नुसतं भवतीनं झाडतीया. त्यो हललाच न्हाई बगा, घाव एकाच जागी पडत आलं."

संपतरावांनी ओंडका अर्धा फिरविला. खळगा पलीकडे गेला आणि उजव्या हाताखाली सपाट, मुरलेले, जुने लाकूड आले. महाराज येऊन बसले. रापी फडक्यातून काढली आणि चामड्यास टेकविली. दोन तळ कापिले आणि एकावर एक ठेविले आणि कडेवरून अंगठा फिरविला. अंगठा कोठे अडला नाही. शालनबाईंनी पदर तोंडास लाविला. महाराज ओंडक्यावर तळहात ठेवून बोलिले, "मला जलमभर वाटत आलं, माजा हातच सरळ हाय म्हून."

वस्तादांस नवी जोडी गेली आणि ते चावडीवरून ताठ चालत माघारी आले. मग खंडेनवमी आली. त्या सकाळी महाराज नदीवर गेले नाहीत. त्यांनी स्वतः ओंडका कवळला आणि खालचा केर काढिला. संपतराव हात लावावयास आले, त्यांस "ऱ्हाऊ दे" म्हणून दूर केले, आणि दम खात खात ओंडका थोडा फिरविला, आणि जे अंग पुढे आले त्यावरल्या फिकट डागावरच नवे कुंकू लाविले.

ऐसे हे तख्ताचे वर्तमान. फरशी नळाखाली धुण्यास बसविली, फळीवर देव मांडिले, चटईवर शालनबाई वादी कापितात, आणि चिंचेचे तख्त कायम आहे. हौसाक्कांनी आपले काम कधी बोलून दाखविले नाही, म्हणून येथे लिहून ठेविले.