तात्यांचा एक शब्द

आमच्या शेजारचे तात्या कादंबऱ्या वाचतात, पण गोष्टीसाठी नव्हे. त्यांना एकच शब्द हवा असतो, 'तुसडेपणानं'. सापडला की वाक्य वहीत उतरवायचं आणि कंपाउंडवरून मला हाक मारायची. मी कॉलेजात मराठी शिकवते, एवढाच माझा गुन्हा.

"बाई, हे बघा. 'पाणी दे, तो तुसडेपणानं म्हणाला.' ह्यात तुसडं काय हाय? तहान लागली, पाणी मागितलं की."

"शब्दांत नाही तात्या, म्हणण्यात आहे. समोरच्याला झटकून टाकल्यासारखं."

"मग लेखकानं तसं लिवावं. आमाला कोड्यात का घालतोय?"

वीस वर्षं वर्गात मी हे समजावते, पण तात्यांसमोर माझाच गोंधळ उडतो.

तात्यांचा जन्म एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत गेला. कुणी प्रवासी डोकावून "गगनबावड्याची..." एवढं म्हणेपर्यंत "चार नंबर, दहा मिनिटं, पुढचं" असं उत्तर यायचं. घरीही तेच. चहा कसा झालाय विचारलं तर "गरम हाय, पुढं?"

हा शब्द त्यांच्या मागे लावला लेकीनं. सुनंदा गडहिंग्लजला दिलेली. पंचमीला माहेरी यायचं म्हणून तिनं फोन केला आणि शेवटी म्हणाली, "तात्या, तुमी कायम तुसडेपणानं बोलताय. मी येत न्हाय." पंचमी गेली, दिवाळी गेली, ती आली नाही. आरोप खरा की खोटा, हे तात्या तेव्हापासून कादंबऱ्यांत तपासताहेत. वही भरत आली, निकाल लागत नाही.

गेल्या रविवारी मी वैतागून विचारलं, "पण तुम्ही तिला म्हणालात तरी काय?"

"काय न्हाय. पंचमीला येते म्हणाली. मी म्हटलं, परतीला सव्वादोनची धर."

"ती निघायच्या आधीच परतीची गाडी सांगितलीत?"

"मग? त्या गाडीला बसाय जागा मिळती. नंतरच्या गाडीला दोन पोरं घिऊन उभं ऱ्हायला लागतंय. पाठ दुखती तिची."

हसावं की रडावं मला कळेना. "तात्या, लेक माहेरी येते म्हणाली की आधी 'ये' म्हणायचं असतं."

त्यांनी वही मिटली.

"ते सांगाय लागतंय व्हय?"

मग त्यांनी फोन लावला. स्पीकर चालूच असतो त्यांचा.

"सुनंदा, ये."

पलीकडून हळूच, "किती दिस येऊ, तात्या?"

खिडकीत कधी न अडलेला माणूस अडला. माझ्याकडे बघू लागला.

"मी हाय तवर ऱ्हा," ते एकदाचे म्हणाले आणि सवयीनं लगेच फोन ठेवून दिला.

"नीट बोललो का, बाई?"

मी मान डोलावली.