याकोबमामांची मंडळी

आमच्या देगलूरच्या देवळाबाहेर पाटी आहे: उपासना सकाळी साडेनऊ. ती पाटी खोटी आहे. उपासना सुरू व्हायची ती याकोबमामांची मंडळी आली की. देऊळ म्हणजे चर्चच. आम्ही जुने ख्रिस्ती लोक देऊळ म्हणतो.

घंटेचा दोर मामांच्या हातात असायचा. दोर धरायचे आणि रस्त्याकडं बघत उभे राहायचे. नवे पाळकसाहेब आले त्या पहिल्याच रविवारी आत चाळीस माणसं सतरंजीवर बसलेली. साहेब घड्याळ बघत बाहेर आले.

"मामा, वाजवा की. मंडळी केव्हाची बसलीय."

"ती तुमची मंडळी," मामा म्हणाले. "माझी येऊलालीय."

साहेबांचा चेहराच उतरला. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं फुटून वेगळी मंडळी काढली. शेवटी मीच उठून सांगितलं, की मामांची मंडळी म्हणजे रूथमामी, त्यांची बायको. मागच्या गल्लीतून गुडघे धरत यायला त्यांना अर्धा तास लागतो.

"मग लवकर निघायला सांगा त्यांना."

"तुम्हीच सांगून बघा," मी म्हटलं.

खरं सांगते, मला राग यायचा. घरी रविवारचं मटण खोळंबलेलं, आणि इथं अख्खं देऊळ एका बाईच्या गुडघ्यांसाठी ताटकळलेलं. मामांना त्याचं काही नाही. मामी दिसल्या की मगच दोर ओढायचे.

एकदा साहेबांनी उपदेश केला: मंडळीची सेवा करा, मंडळीत कुरकुर नको. उपासना सुटल्यावर मामांनी त्यांना दारातच गाठलं.

"साहेब, दोन टायमाची भाकर मीच थापतो. अजून काय सेवा करू? आन् कुरकुरीचं तुम्ही घरी येऊन तिलाच सांगा. माझं ऐकत न्हाई."

मागच्या थंडीत मामी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

पुढच्या रविवारी घंटा बरोबर साडेनवाला वाजली. मी घरी केस धूत होते. ताटकळायला कंटाळून हळूहळू आम्ही सगळेच मामींच्या चालीवर घरून निघायला लागलो होतो, त्यामुळं वेळेवर कोणीच पोचलं नव्हतं. मी ओल्या केसांनीच पळत गेले.

आत पाळकसाहेब पुस्तक उघडून उभे, आणि समोर एकटे मामा. बायकांच्या बाजूला, भिंतीशी, मामी बसायच्या तिथं बसलेले.

"मामा, थोडं थांबायचं होतं की," मी म्हटलं.

"कोणासाठी थांबू?"

मामा सतरंजीकडं बघत हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही तरी जरा लवकर येत जा. देऊळ लई मोठं वाटायलंय."

आमचं देऊळ जेमतेम तीन खोल्यांएवढं. मला रडू आवरेना. तशीच त्यांच्या शेजारी बसले.

आता सव्वानवालाच आम्ही दहाबारा बायका मामांच्या आजूबाजूला जाऊन बसतो. पाळकसाहेबांना वाटतं, त्यांच्या उपदेशानं आम्ही सुधारलो. वाटू द्या.