सावंतकाकूंचा जाहिरातींशी खटला

आमच्या शेजारच्या सावंतकाकू मोबाईलवरच्या जाहिरातींना उत्तरं देतात. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू येतं, "नको रे बाबा, ठणठणीत आहेत माझे गुडघे," नाहीतर "आधी तूच जाऊन ये चारधामला."

काकू बासष्टच्या, टायपिस्ट म्हणून रिटायर झालेल्या. आमच्या भाईंदरच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू असली तरी त्या चौथ्या मजल्यापर्यंत जिन्यानेच येतात आणि मला विचारतात, "बघ, दम लागलाय का?" लागलेला असतो. मी नाही म्हणते.

एकदा त्या विरजण मागायला आल्या, तेव्हा माझ्या मोबाईलवर नोकरीची जाहिरात झळकली. मीरा रोडच्या एका कॉल सेंटरला मराठी बोलणाऱ्या बायका हव्या होत्या. वयाची अट कुठेच नव्हती. काकूंनी लगेच आपला मोबाईल उघडला. तिथे गुडघ्याचं तेल आणि कानाचं मशीन.

"तुला नोकरी आणि मला तेल? हा कुठला न्याय?"

जाहिरात कुणाला दाखवायची हे जाहिरात देणारी कंपनी वय बघून ठरवू शकते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी ते बोलून गेले आणि फसले. काकूंनी थेट ठाण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार ठोकली, की माझं वय बघून माझ्यापासून नोकरी लपवली. वकील केला नाही. "मला तोंड आहे की."

सुनावणीला मीही गेले. कॉल सेंटरच्या कंपनीचा वकील म्हणाला, "काम दगदगीचं आहे, म्हणून जाहिरात तरुणांनाच दाखवली." काकूंनी पर्स माझ्याकडे दिली, पदर खोचला आणि भर आयोगासमोर उठाबशा सुरू केल्या.

"बाई, पुरे. आलं लक्षात," अध्यक्ष म्हणाले. तोवर काकू खाली बसून तिथेच अडकल्या होत्या. शेवटी त्या वकिलानेच हात देऊन उठवलं.

तक्रार फेटाळली गेली. काकूंनी कंपनीकडून काही विकत घेतलं नव्हतं, म्हणून कायद्याने त्या ग्राहकच ठरेनात. पण अध्यक्षांनी वकिलाला विचारलं, "यांनी नोकरीला अर्ज केला तर काही हरकत?" वकील चाचरत म्हणाला, "नाही." काकूंनी बाहेरच्या बाकावर बसून अर्ज भरला, आणि नोकरी लागलीसुद्धा. लोकांच्या फ्रिजच्या तक्रारी ऐकायच्या.

महिन्याभरात साहेबाने त्यांना झापलं. एकाच गिऱ्हाइकाशी रोज फार वेळ बोलतात म्हणून.

"एवढं काय बिघडलंय त्यांच्या फ्रिजचं?" मी विचारलं.

"काही नाही गं. मस्त चालतोय." काकू चपला काढून माझ्या दारातच टेकल्या. "बायको गेली त्यांची. आज जेवायला काय केलंत, एवढंच विचारते मी. सांगतात बिचारे, मुगाची खिचडी टाकली. मग घरी येऊन मलाही कुकर लावावासा वाटतो. नाहीतर एकटीसाठी कोण लावतंय?"