गाडीला कान लावणाऱ्या अक्का

सकाळचा चहा घ्यायच्या आधी बिराजदार अक्का गाडी चालू करतात आणि बॉनेटला कान लावतात. भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तसा, डोळे मिटून, श्वास रोखून. आमच्या विजापूर रोडच्या कॉलनीत नवीन राहायला आलेलं माणूस हे बघून आधी बिचकतं. मग एक दिवस तेच माणूस स्वतःची गाडी घेऊन अक्कांच्या फाटकासमोर उभं राहतं, "अक्का, जरा ऐकता का?" म्हणून.

अक्का माझ्या शेजारीण. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. मूळ गाव दुधनी, घरात कानडी, शाळा मराठी, त्यामुळे त्यांचं वाक्य सुरू एका भाषेत होतं आणि संपतं दुसऱ्या भाषेत. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, अक्का ड्रायव्हिंग स्कूलला गेल्या. एक छोटी पांढरी वापरलेली गाडी घेतली, आणि तेव्हापासून त्यांच्या जुन्या इरकली साड्यांचे तुकडे ऑइलची पट्टी पुसण्याच्या कामी लागले.

त्यांची चौकशी करायची तऱ्हा निराळी. आपण "जेवलात का" विचारतो, त्या "ऑइल बदललं का" विचारतात. कुणाच्या घरी सत्यनारायण असला की प्रसादाचा द्रोण एका हातात धरून दारात लागलेल्या गाड्यांच्या टायरवर अंगठा दाबत फिरतात. एका लग्नात तर फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी त्यांनी निघू दिली नाही. "नोडरी, बघा हे, टायर गुळगुळीत झालाय. नवरी बसणार आहे यात." शेवटी वरपित्याने वैतागून स्टेपनी लावली तेव्हा बाई बाजूला झाल्या.

गाड्यांना त्या दहापैकी गुण देतात. माझ्या गाडीला चार होते. पेट्रोल फार खाते अशी मी तक्रार केली, तर त्यांनी एअर फिल्टर काढून माझ्यासमोर झटकला. आमच्या दोघांच्या अंगावर शेतातली वावटळ यावी तशी धूळ आली.

"गाडी पेट्रोल पीत नाही हो," अक्का म्हणाल्या, "तुमचा आळस पिते."

फिल्टर बदलला, चाकांत हवा नीट भरली, आणि खरंच पंपावरच्या माझ्या फेऱ्या कमी झाल्या. गुण मात्र पाचच मिळाले.

संक्रांतीला माझी धाकटी बहीण सुनीता आणि तिचे यजमान महेशराव आमच्याकडे आले होते. महेशरावांचं दुधनीत धान्याचं अडत दुकान. त्यांनी नवीकोरी मोठी गाडी घेतली होती, उंच आणि काळीशार. कॉलनीतले सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते, अक्का वाकून तिच्या खाली बघत होत्या.

"जावईबापू, हिरवं पाणी टपकतंय. कूलंट आहे, इंजिन गार ठेवणारं. पाइप दाखवून घ्या."

"नवी गाडी आहे की अक्का," महेशराव हसले. "हिला काय होतंय? पहिली सर्व्हिसिंग पण अजून केली नाही, तरी बघा कशी पळती."

"पळती म्हणूनच सांगते," अक्का म्हणाल्या आणि तिळगूळ घेऊन घरी गेल्या.

त्यानंतर आला मे महिना. सोलापूरचा मे ज्याने काढला आहे त्याला त्या दुपारीबद्दल वेगळं सांगायला नको. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. सुनीताला आठवा महिना लागला होता. जेवून उठलो तोच महेशरावांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

सकाळपासून सुनीताचं डोकं दुखत होतं, पाय सुजले होते. दुधनीच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि ताबडतोब सोलापूरला न्यायला सांगितलं. हे लगेच निघाले. अक्कलकोट मागे पडलं आणि गाडीत लाल दिवा लागला. एसी बंद करून यांनी तशीच दामटली, आणि वळसंगच्या अलीकडे गाडी वाफ सोडत बंद पडली. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेली होती, वेळ लागेल म्हणाले. हात केला तर एक जीप थांबली, पण तिच्यात माणूस मावत नव्हता.

"तिला डोळ्यांपुढं अंधारल्यासारखं होतंय," महेशराव म्हणाले. "तुम्ही या. लवकर या."

माझी गाडी क्लचच्या कामासाठी गॅरेजला पडली होती. मी चप्पल न घालता अक्कांच्या दारात गेलो. काय झालं ते धड सांगताही आलं नाही. त्यांनी ऐकलं, पाण्याचा कॅन उचलला, उशी उचलली, आणि गाडी फाटकाबाहेर काढली. एका हाकेत चालू झाली ती.

शहराबाहेर पडलो. रस्ता मोकळा होता. काटा सत्तरवर होता, आणि अक्का तो हलू देत नव्हत्या.

"अक्का, जरा पळवा की."

"नाही."

"तिची हालत—"

"सुम्मनिर्री," अक्का म्हणाल्या. गप्प बसायला सांगताना त्या कानडीतच सांगतात. "मला तिच्यापर्यंत पोचायचं आहे आणि तिला घेऊन परत यायचं आहे. दोन्ही करायचंय."

त्यांचे डोळे रस्त्यावरून तापमानाच्या काट्यावर आणि तिथून पुन्हा रस्त्यावर जात होते. स्टिअरिंगवरच्या त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. तेव्हा कळलं, की बाई माझ्याइतक्याच घाबरल्या आहेत.

काळी गाडी लांबूनच दिसली, बॉनेट वर करून उभी. पलीकडे बाभळीच्या विरळ सावलीत सुनीता बसली होती, पदराने तोंड झाकून. महेशराव रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकून ते फिरवत होते. आमची गाडी पुरती थांबायच्या आत अक्कांनी खिडकीतून आवाज टाकला. चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारा आवाज.

"हात काढ."

महेशराव दचकून मागे सरले. "उघडलं असतं तर तोंड भाजलं असतं," अक्का खाली उतरत म्हणाल्या. संक्रांतीची आठवण काढली नाही. सुनीताच्या बगलेत हात घालून तिला उठवलं, मागच्या सीटवर डाव्या कुशीवर निजवलं आणि पायांखाली उशी दिली. महेशराव तिचं डोकं मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले. मग अक्कांनी एसी लावला. एरवी घाम पुसत गाडी चालवतील, पण स्वतःसाठी कधी लावत नसत. गार वारा भसकन आला, आणि सुनीताने पहिल्यांदा डोळे उघडले.

परतीला लागलो. वळसंग गेलं. पुढे एका वळणावर अक्कांनी करकचून ब्रेक दाबला. समोर मेंढरं. या कडेपासून त्या कडेपर्यंत रस्ता भरलेला, आणि मागून अजून येतच होती. गाडी न घसरता जागच्या जागी थांबली. पहिली मेंढी बंपरपासून हातभर लांब होती.

काठी खांद्यावर टाकून मेंढपाळ निवांत उभा होता. "जरा दम धरा की," तो म्हणाला. "लई हायती."

अक्का उतरल्या. "दादा, आत पोरगी आहे. पोटुशी. दवाखान्यात न्यायची आहे, तिला बरं नाही."

त्याने खिडकीतून आत डोकावून बघितलं. मग तो कळपात घुसला, काठी आडवी धरली, हुर्र हुर्र करत मेंढरं दोन्हीकडे रेटली आणि मधे गाडीपुरती वाट केली. आम्ही त्यातून गोगलगायीसारखे निघालो. दोन्ही काचांना लोकर घासत होती. सुनीताचे ओठ हलत होते. ती देवाचं नाव घेत होती की मला हाक मारत होती, कळलं नाही.

दवाखान्यात पोचताच तिला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, थांबून चालणार नाही, बाळ आजच काढावं लागेल. महेशराव भिंतीला टेकून उभे राहिले. मी सह्या केल्या. दिवस कलायला लागला तेव्हा नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती. वजन कमी होतं, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवणार होते, पण दोघी सुखरूप होत्या.

काळ्या गाडीचं पुढे इंजिन उघडावं लागलं. मेकॅनिकने चिरलेला एक पाइप महेशरावांच्या हातात ठेवला, लहानसा, करंगळीएवढ्या भेगेचा. तो वेळेवर बदलला असता तर पानसुपारीच्या खर्चात भागलं असतं. त्यापायी इंजिनचं वरचं अख्खं हेड वाकलं, आणि गाडी दिवाळीपर्यंत गॅरेजात राहिली. आता महेशराव सर्व्हिसिंगच्या दिवशी दुकान बंद ठेवतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. मुलगी झाल्याचं सांगायला मी खाली आवारात आलो. अक्का वर आल्याच नव्हत्या. गाडीच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या, दार उघडं ठेवून, उशी मांडीवर घेऊन. मी बातमी सांगितली. त्यांनी हात जोडले, आणि बराच वेळ ते तसेच राहिले.

"इथं मागं," त्या सीटवर हात फिरवत म्हणाल्या, "आजपर्यंत कुणी बसलंच नव्हतं हो."

मी दाराशी उकिडवा बसलो.

"गाडी घेतली तेव्हा वाटलं होतं, भाचरं येतील. अक्का, चला गाणगापूरला, म्हणतील. त्यांच्याकडे मोठ्या गाड्या आल्या. त्यांचंही बरोबरच आहे." त्या थोडं हसल्या. "पण कधी कुणी हाक मारली, आणि गाडी चालू झाली नाही, असं नको व्हायला. म्हणून आपलं बघत असते रोज."

वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. आम्ही दोघांनी वर बघितलं.

"आईला आणि बाळाला घरी न्यायचं होईल," अक्का उशीची शिवण चाचपत म्हणाल्या. "तेव्हा गाडी सांगितली असेल ना तुम्ही लोकांनी?"

महेशरावांनी बातमी कळताच बाहेरगावाहून येणाऱ्या चुलतभावाची गाडी सांगून ठेवली होती.

"नाही," मी म्हणालो. "तुम्हालाच विचारणार होतो."

त्यांनी मान हलवली. मी पाणी आणतो म्हणून तिथून निघालो, आणि जिन्याखाली जाऊन आधी महेशरावांना फोन लावला.